खडखड, करकर आणि भणभण : गाडीच्या आतले आवाज ओळखून थांबवायचे कसे

ठाण्यातल्या कासारवडवलीहून सकाळी निघालं की मानपाड्याच्या आसपास रस्ता उखडलेला लागतो, आणि तिथेच माझ्या गाडीत डाव्या बाजूला खडखड सुरू व्हायची. माजिवड्याच्या पुलावर जरा शांत, कळवा नाक्याला पुन्हा सुरू, विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली तर हमखास. नवी मुंबईत महाप्याला ऑफिसात पोचेपर्यंत डोकं भणाणलेलं असायचं. एका सर्व्हिस सेंटरने दोनदा गाडी ठेवून घेतली, ग्लव्ह बॉक्सच्या कडेला फोम चिकटवला आणि 'झालं काम' म्हणून परत दिली. आवाज तसाच. शेवटी मीच एका रविवारी बसलो, आणि तो आवाज ग्लव्ह बॉक्सपासून दोन हात लांब सापडला. त्यानंतर सोसायटीतल्या पाच-सहा गाड्यांचे आवाज शोधून झाले आहेत. त्यातून जे कळलं ते सगळं इथे लिहितो, कारण हे काम अवघड नाही. फक्त ते उलट्या क्रमाने केलं जातं. आधी पॅनल उघडतात आणि मग आवाज शोधतात.

मूळ गोष्ट एवढीच आहे की दोन वस्तू एकमेकींना धड घट्ट धरून नाहीत आणि धड लांबही नाहीत, तिथे आवाज होतो. घट्ट धरल्या असत्या तर त्या एकत्र हलल्या असत्या. पुरेशा लांब असत्या तर भेटल्याच नसत्या. मधल्या अर्धवट अवस्थेत त्या आपटतात किंवा घासतात. म्हणून उपायही तीनच : नीट बांधा, दूर करा, नाहीतर मध्ये मऊ काहीतरी ठेवा. यातला कोणता उपाय लागू पडेल हे आवाजाच्या जातीवरून ठरतं.

आवाजाची जात

आपल्या भाषेत आवाजांसाठी इतके नेमके शब्द आहेत की निम्मं निदान त्यांनीच होतं. गॅरेजमध्ये नुसतं 'आवाज येतो' असं सांगू नका. तो खडखडतो, करकरतो की भणभणतो ते सांगा.

खडखड, कटकट, खुळखुळ हे आपटण्याचे आवाज. एक भाग सुटा आहे, खड्डा आला की तो उडतो आणि शेजारच्या भागावर आदळतो. तुटलेली क्लिप, सैल स्क्रू, जागेवरून निसटलेला वायरचा सॉकेट ही नेहमीची कारणं. इथे बांधणं हा उपाय.

करकर, कुरकुर, चूंचूं हे घासण्याचे आवाज. सारंगीवर गज फिरतो तेव्हा तारेत जे घडतं तेच इथे घडतं. गज तारेला पकडून थोडा ओढतो, ताण वाढला की तार सुटते, परत पकडली जाते. हे पकडणं-सुटणं सेकंदाला शेकडो वेळा होतं आणि त्याचा सूर ऐकू येतो. दोन प्लास्टिकच्या कडा एकमेकींवर दाबून बसल्या असतील आणि गाडीचा सांगाडा किंचित पिळला गेला, तर त्या कडाही अशाच पकडतात आणि सुटतात. एकाच जातीचं प्लास्टिक एकमेकांवर घासलं तर हा त्रास जास्त होतो. म्हणून गतिरोधकावर एक चाक आधी चढवलं की करकर ऐकू येते आणि सरळ रस्त्यावर गप्प. इथे घट्ट आवळलं तर आवाज वाढू शकतो. मध्ये कापडी पट्टी हवी, किंवा दोन्ही कडांमध्ये एखाद्या मिलिमीटरची फट.

भणभण मात्र वेगळी. एखादा पातळ भाग विशिष्ट कंपनाला साथ देऊन थरथरतो. इंजिन प्रत्येक स्फोटाला एक झटका देतं. तीन सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्यात दीड स्फोट होतात, चार सिलिंडरच्या इंजिनात दोन. तीन सिलिंडरचं इंजिन मिनिटाला २००० फेऱ्यांवर असेल तर सेकंदाला ५० झटके; चार सिलिंडरचं असेल तर साधारण ६७. एखाद्या जाळीची किंवा झाकणाची स्वतःची थरथरण्याची गती याच आकड्याच्या जवळ असली की ती नेमकी तेवढ्याच फेऱ्यांवर भणभणते, थोडं जास्त ॲक्सिलरेटर दिलं की थांबते. म्हणून 'कधीकधी येतो, कधी येत नाही' असं वाटणारा आवाज बहुतेकदा अगदी नियमाने येत असतो. आपण फक्त फेऱ्यांच्या काट्याकडे पाहिलेलं नसतं.

एक साधी चाचणी सांगतो. गाडी उभी, न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. ॲक्सिलरेटर हळूहळू दाबत फेऱ्या ८०० वरून ३००० पर्यंत न्या. वाटेत आवाज आला तर मूळ इंजिनाच्या कंपनात आहे, आणि आवाज शोधायला रस्त्यावर जायचीच गरज नाही. उभ्या गाडीत नाही, पण ठरावीक वेगाला प्रत्येक गिअरमध्ये येतो, तर चाकं आणि रस्त्याकडे बघा. ताशी ८० किलोमीटरला साध्या हॅचबॅकचं चाक सेकंदाला बारा वेळा फिरतं, आणि बॅलन्सिंग बिघडलं असेल तर तेवढेच धक्के आत येतात. सायन-पनवेल महामार्गासारख्या काँक्रीटच्या रस्त्यावर आडवे सांधे असतात. साधारण साडेचार मीटरला एक सांधा धरला तर ताशी ६० ला सेकंदाला जवळजवळ चार ठोके पडतात. त्या ठोक्यांच्या तालावर काही खुळखुळत असेल तर ते सुटं झालं आहे, एवढं नक्की.

सकाळी एक आवाज, दुपारी दुसरा

प्लास्टिक उन्हात पसरतं आणि थंडीत आकसतं, तेही पत्र्यापेक्षा कितीतरी जास्त. डॅशबोर्ड आणि दाराचं पॅड बहुतेक गाड्यांत पॉलिप्रोपिलीन किंवा एबीएस या प्लास्टिकचं असतं, आणि ते ज्याला बसवलेलं असतं तो सांगाडा पोलादाचा. पोलादाचा १.४ मीटरचा पट्टा ४० अंशांनी तापला तर अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जास्त वाढतो. टाल्क मिसळून केलेल्या पॉलिप्रोपिलीनचा तेवढाच पट्टा तीन मिलिमीटरच्या आसपास वाढतो. आणि ४० अंश हा काही अतिशयोक्त आकडा नाही. एप्रिलमध्ये पोखरण रोडवर उन्हात उभी केलेली गाडी दुपारी उघडा, डॅशबोर्डवर हात टेकवत नाही.

हा फरक सामावून घ्यायला कारखान्यात काही भोकं मुद्दाम लांबट ठेवतात, म्हणजे पॅनल तिथे थोडं सरकू शकेल. यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली : डिसेंबरच्या पहाटे खडखड आणि मेच्या दुपारी करकर, असं असेल तर जागा बहुधा एकच आहे. आकसल्यावर फट पडते म्हणून आपटतं, पसरल्यावर कडा भिडतात म्हणून घासतं. दुसरी, आणि ही मला फार महत्त्वाची वाटते : पॅनलला एम-सील, फेविक्विक किंवा जास्तीचा स्क्रू मारून जागच्या जागी डांबून टाकू नका. त्याला सरकायला जागा लागते. ती बंद केली की ते दुसऱ्या टोकाला वाकतं, तिथली क्लिप उपसते, आणि आवाज फक्त घर बदलतो.

आधी शोध, मग स्क्रू ड्रायव्हर

सगळ्यात आधी गाडी रिकामी करा. खरंच पूर्ण रिकामी. दाराच्या कप्प्यातली नाणी, पाण्याची बाटली, डिकीतला जॅक आणि पाना, चष्म्याचा डबा, डॅशबोर्डवरचा गणपती, छत्री, मागच्या सीटखाली गेलेलं मुलांचं खेळणं, सगळं बाहेर. मागच्या रिकाम्या सीटचे बेल्ट लावून ठेवा, कारण त्यांची धातूची जीभ मागच्या दारामागच्या खांबाच्या प्लास्टिकवर टकटक करते आणि कोणाच्या लक्षात येत नाही. मी बघितलेल्या सहा गाड्यांपैकी दोन इथेच शांत झाल्या.

मग कान कसा फसतो ते लक्षात घ्या. पुढची काच तिरकी आणि कडक आहे, आवाज तिच्यावर आपटून परततो. त्यामुळे काचेच्या कडेच्या पुढच्या खांबामागचा आवाज डॅशबोर्डमधून आल्यासारखा वाटतो. वायपरच्या खाली बाहेरच्या बाजूला असलेल्या प्लास्टिकच्या झाकणाचा आवाजही आतून डॅशबोर्डचाच वाटतो. चालवणाऱ्याचं डोकं एका जागी असतं, म्हणून त्याला हा फरक कळत नाही. शोधायला दोन माणसं लागतात. एकाने चालवायचं, दुसऱ्याने पुढे-मागे बसून बघायचं. एसीचा पंखा बंद, गाणी बंद, काचा वर. रस्ता ओळखीचा, रहदारी नसलेला. आम्ही रविवारी सकाळी साडेसहाला वागळे इस्टेटच्या आतल्या रस्त्यांवर फिरतो. तिथे उखडलेलं डांबर, पेव्हर ब्लॉक आणि गतिरोधक अर्ध्या किलोमीटरात मिळतात.

शेजारी बसलेल्याने तळहात पॅनलवर ठेवून दाब द्यायचा. दाबलं की आवाज थांबला, सोडलं की परत आला, तर तेच ठिकाण किंवा त्याच्या वीतभर आजूबाजूला. हात पोचत नाही तिथे गवंडी पातळी बघायला वापरतात ती पारदर्शक नळी घ्या, दीड मीटरचा तुकडा पुरतो. एक टोक कानाशी धरायचं, कानात खुपसायचं नाही, आणि दुसरं टोक फटींवरून फिरवायचं. नळी जिथे आवाजाच्या तोंडाशी येते तिथे तो एकदम स्पष्ट होतो. मला माझा आवाज असाच सापडला. बायको गाडी चालवत होती, मी नळी ग्लव्ह बॉक्सपासून वर सरकवत नेली आणि डाव्या पुढच्या खांबाशी तो कानातच वाजला. आतला वायरचा सॉकेट त्याच्या खुंटीवरून निसटून पत्र्यावर आपटत होता.

शंका असेल त्या फटीवर कागदी मास्किंग टेप लावून दोन दिवस चालवा. आवाज गेला तर पॅनल उघडायला हरकत नाही. स्पीकरजवळच्या भणभणीसाठी मोबाईल गाडीच्या म्युझिक सिस्टिमला जोडून कमी कंपनाचे सूर वाजवा, सेकंदाला ३० पासून हळूहळू २०० पर्यंत. उभ्या गाडीत दाराचं पॅड बोलू लागतं आणि हात फिरवून जागा धरता येते.

एक गोष्ट इथेच तपासून घ्या, कारण ती जिवाशी आहे. आवाज पायाखालून किंवा चाकाच्या दिशेने येतो, ब्रेक दाबल्यावर किंवा स्टिअरिंग फिरवल्यावर बदलतो, आणि आत कुठेही दाबून फरक पडत नाही, तर तो प्लास्टिकचा नाही. लिंक रॉड, बुश, बॉल जॉइंट, शॉकरचं माउंटिंग, ब्रेक पॅड यांपैकी काहीतरी आहे. तिथे कापडी टेपचा काही उपयोग नाही, गाडी लिफ्टवर चढवून मेकॅनिकला दाखवा.

गाडी वॉरंटीत असेल तर स्वतः काहीच उघडू नका. पण सर्व्हिस सेंटरमध्ये जॉब कार्डवर 'ताशी ३०, पेव्हर ब्लॉक, डावा पुढचा खांब, दाबल्यावर थांबतो' असं लिहून घ्या आणि तंत्रज्ञाला शेजारी बसवून एक फेरी मारा. गाडी नुसती सोडून आलात तर त्यांच्या गुळगुळीत आवारात आवाज येणारच नाही.

उघडण्याआधी

भारतात जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांत चालकाच्या बाजूची एअरबॅग सक्तीची आहे, आणि आता अनेक गाड्यांत काचेवरून उतरणाऱ्या पडदा-एअरबॅगही असतात. त्या छताच्या कडेने, पुढच्या खांबाच्या प्लास्टिकमागून जातात. स्टिअरिंगच्या मधल्या भागाला हात लावायचा नाही. खांब उघडायचा असेल तर बॅटरीची ऋण बाजू सोडवा आणि गाडीच्या पुस्तिकेत दिलेला वेळ थांबा, कारण एअरबॅगच्या यंत्रणेत वीज थोडा वेळ साठून राहते. एअरबॅगच्या वाटेत फोम, टेप, वायर काहीही ठेवायचं नाही. खांबाच्या क्लिपेला अनेक गाड्यांत एक पट्टा असतो, एअरबॅग फुगली तर झाकण उडून तोंडावर येऊ नये म्हणून. ती क्लिप बऱ्याचदा एकदाच वापरायची असते. खांबावर 'एअरबॅग' लिहिलेलं असेल तर, खरं सांगायचं, हे काम माहीतगाराकडेच द्या. माझ्या गाडीत फक्त पुढच्या दोन एअरबॅग आहेत, म्हणून मी धजावलो.

बाकी पॅनल काढायला नायलॉनच्या पट्ट्यांचा संच घ्या. लोखंडी स्क्रू ड्रायव्हरने कड कायमची चेपते. नव्या क्लिपा आधीच आणून ठेवा. जुन्या गाडीच्या क्लिपा उन्हाने ठिसूळ झालेल्या असतात, दारामागे दोन-तीन तरी मोडणारच. आणि हे काम भर दुपारी सावलीत करा. थंड प्लास्टिक लवकर तडकतं.

सामानात मुख्य गोष्ट म्हणजे कापडी फेल्ट टेप, वायरिंग गुंडाळायला वापरतात ती लव असलेली काळी टेप. काळी इन्सुलेशन टेप नको. उन्हात तिचा गोंद पाझरतो आणि ती स्वतःच करकरते. फोम घ्यायचा तर बंद छिद्रांचा, ईव्हीए किंवा तत्सम. स्पंजासारखा उघडा फोम आपल्या पावसाळ्यात ओल धरतो आणि दोन वर्षांत भुगा होऊन पडतो. टेप लावण्याआधी जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायलाच हवी. सोसायटीत गाडी धुणारे डॅशबोर्डला चमकीचं सिलिकॉन पॉलिश मारतात, त्यावर कुठलीच टेप टिकत नाही.

दाराचं पॅड

सर्वात जास्त आवाज दारात, आणि उघडायला सर्वात सोपं तेच. हँडलच्या खळग्यात, आतल्या कडीच्या झाकणामागे आणि आरशाच्या तिकोनी तुकड्यामागे स्क्रू असतात. ते काढले की खालच्या कडेपासून पट्टी घालून एकेक क्लिप सोडवत वर यायचं, मग पॅड वर उचलून काचेच्या फटीतून बाहेर काढायचं. कडीची तार आणि काचेच्या बटणाचे सॉकेट सोडवल्याशिवाय ओढू नका.

आत काय बघायचं? लॉककडे जाणारी लोखंडी सळई पत्र्याला टेकत असेल तर तिच्यावर फेल्ट टेप गुंडाळा. वायरींचा जुडगा झुलत असेल तर बांधा. स्पीकरचे स्क्रू आवळा, त्याच्या कड्याखाली फोमची चकती ठेवा. पॅडचे प्लास्टिकचे दोन तुकडे जोडणारे जे वितळवून चेपलेले टिकळे असतात त्यातले काही सुटलेले दिसतील. त्या जोडाच्या कडेने पातळ फेल्ट सरकवा. क्लिपेचं घर पॅडवर फुटलं असेल तर तेवढ्याच घराची दुरुस्ती प्लास्टिकला चालणाऱ्या इपॉक्सीने करा. शेवटी प्रत्येक क्लिप भोकासमोर आहे ना हे डोळ्याने बघून मगच हाताने ठोका. एक क्लिप वाकडी बसली की नवा आवाज सुरू.

पॅडमागे दाराला चिकटवलेला प्लास्टिकचा किंवा फोमचा पडदा असतो. तो फाडू नका. पावसाचं पाणी काचेच्या फटीतून दाराच्या आत जातच असतं आणि तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. हा पडदा ते पाणी केबिनमध्ये येऊ देत नाही. त्याची काळी चिकट ब्युटिल दोरी वाळली असेल तर नवी लावा. आवाज थांबला आणि जुलैत गालिचा भिजला, असं एका शेजाऱ्याच्या गाडीत झालं आहे.

बाकीच्या जागा

ग्लव्ह बॉक्सच्या झाकणाला दोन्ही कोपऱ्यांत रबरी बोंडं असतात. झिजली असतील तर बदला, किंवा त्यांवर फेल्टची छोटी चकती लावा. एसीच्या जाळीच्या पाती सैल झाल्या असतील तर त्यांच्या खुंटीशी फेल्टचा बारीक तुकडा पुरतो. डॅशबोर्ड जिथे पुढच्या काचेला टेकतो तिथली करकर त्रासदायक असते. जुन्या कार्डाच्या पातळ कडेने फेल्ट त्या फटीत सरकवली की ती जाते, पॅनल काढावं लागत नाही.

दाराच्या रबरी बीडिंगची चूंचूं वेगळी. ती साबणाच्या पाण्याने पुसून, पूर्ण वाळवून, सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा. खोबरेल किंवा इंजिन ऑइल नको. खनिज तेलाने हे रबर फुगतं, आणि कुठलंही तेल घोडबंदरची धूळ धरून ठेवतं. गंज सोडवायचा स्प्रेही प्लास्टिकवर मारू नका. तो चार दिवस आवाज दाबतो, मग उडून जातो, आणि मागे राहिलेल्या ओशट थरावर पुढे टेप धरत नाही.

डिकीचा आवाज बहुतेक वेळा दाराच्या दोन रबरी ठोकळ्यांमुळे येतो. अनेक गाड्यांत ते फिरवून बाहेर काढता येतात. अर्धा फेरा बाहेर घ्या, डिकी बंद करताना किंचित जास्त जोर लागला पाहिजे. दोन्ही बाजू सारख्या ठेवा. मागच्या सीटची पाठ ज्या कड्यात अडकते त्या कड्यावर कापडी टेपचे दोन वेढे दिले तर बऱ्याच हॅचबॅक गप्प होतात.

एका वेळी एकच दुरुस्ती करा आणि त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने फिरून या. एकदम चार जागी टेप लावली तर कोणत्या जागेने काम केलं ते कळत नाही, आणि सहा महिन्यांनी आवाज परतला की शोध पुन्हा पहिल्यापासून. टेपच्या गोंदाला पूर्ण धरायला एक दिवस लागतो, त्याआधी निकाल लावू नका. मी एक छोटी वही ठेवली आहे : तारीख, सकाळ की दुपार, वेग, जागा, काय लावलं. माझ्या खांबातला सॉकेट खुंटीवर परत बसवून त्यावर फेल्टचा एक वेढा दिला, त्याला आता दोन पावसाळे झाले. विटाव्याच्या पुलाखाली आता फक्त चाकाखालच्या खड्ड्याचा आवाज येतो.